पिवळ्या रंगाखालची म्हैस

दिवाळी झाली की आमच्या रस्त्याच्या बाभळींना कापूस लागतो. जाफराबादकडून, भोकरदनकडून ट्रॅक्टर येतात. ट्रॉलीवर घराएवढा ढीग, त्यावर जाळी ताणलेली, आणि तरी वाटेतल्या प्रत्येक काट्याला मूठमूठ देत येतात. हवा कोरडी होते. नाकात सरकीचा वास बसतो. दुपारी उन्हाकडं पाहिलं तर बारीक तंतू तरंगताना दिसतात, आणि ते कुठं जाऊन बसतील याला काही नेम नसतो. चहात बसतात, भुवईवर बसतात, ओल्या रंगावर तर हमखास.

माझा वजनकाटा याच रस्त्यावर आहे. समोर कापसातून सरकी काढणारी जिनिंग, मागं माझं भंगाराचं आवार, आणि दोन वळणं पुढं तो लोखंडाचा कारखाना, ज्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. विसरलो म्हणून नव्हे.

यंदा दिवाळीच्या आधी बायकोनं आवाराच्या फाटकाला रंग द्यायला पेंटर बोलावला. पिवळा ऑइल पेंट. मी अंबडला एका जुन्या ट्रकचा सौदा करायला गेलो होतो. संध्याकाळी आलो तर फाटक चमकत होतं, खिडकीचे गज चमकत होते, आणि काट्याच्या केबिनमध्ये काचेमागं माझं इंजिनही चमकत होतं. हातभर लांबीचं, पत्र्याचं, रुळावरच्या डिझेल इंजिनाची मी केलेली नक्कल. त्याच्यावरचा गंज, काजळी, तेलाचे ओघळ, काळ्या मातीची धूळ, सगळं त्या पिवळ्याखाली गेलं होतं. लग्नाच्या वरातीतल्या बग्गीसारखं दिसत होतं ते.

"रंग उरलाच होता," कौसा म्हणाली. "म्हणलं, यालाबी एक हात मारून टाका. किती कळकट झाल्तं ते."

"कळकट झालं नव्हतं. केलं होतं."

"मुद्दाम?"

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पेंटर ब्रश टाकून सायकलवर बसला आणि राहिलेली अर्धी खिडकी तशीच ठेवून गेला. कौसानं मला रात्री जेवायला वाढलं, पण भाकरी ताटात टाकली ती लांबून.

तेव्हापासून हे इंजिन माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि बाहेर पुन्हा कापूस उडतो आहे. म्हणून तो पहिला हंगाम आठवतो, ज्यात मी ते रंगवलं होतं. खरं तर रंगवलं म्हणू नये. मळवलं होतं.

खरं इंजिन त्या कारखान्याचं होतं. चार चाकांचं, ठेंगणं, पुढं लांब नाक आणि मागं कॅबिन. स्टेशनच्या साईडिंगवरून भंगाराच्या वॅगनी ओढून भट्टीच्या आवारात आणायचं एवढंच त्याचं काम. थंडीत सकाळी ते चालू होत नसे. आधी खोकायचं, मग पांढरा धूर सोडायचं, मग काळा, आणि मग असं काही हंबरायचं की फाटकाबाहेरची चहाची कपबशी थरथरायची. कामगार त्याला म्हैस म्हणत. कुणीतरी कॅबिनच्या बाजूला पांढऱ्या रंगानं तसं लिहूनच टाकलं होतं, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि मोठ्या मालकांनी ते कधी पुसायला लावलं नाही.

म्हशीचा ड्रायव्हर हमीदभाई. उंच, गोरा, कपड्यांचा शौकीन माणूस. डिझेलमध्ये दिवस काढूनही घरी जाताना पांढराशुभ्र कुर्ता घालून निघायचा, जणू मशिदीतून येतोय. घरी उर्दू, आमच्याशी अर्धी मराठी, आणि बढाई तिन्ही त्रिकाळ. मी तेव्हा जाफराबादेच्या पलीकडच्या आमच्या गावाहून नुकता आलो होतो. हातगाडीवर फिरून मोडकं लोखंड घ्यायचो. रूळ ओलांडायच्या जागी माझी गाडी अडली की हमीदभाई कॅबिनमधून ओरडायचा, "ए देवराव, बाजू हट, तेरी गाडीबी वॅगन समझ के जोड़ लूंगा."

हातगाडीचा टेम्पो झाला, टेम्पोचं आवार झालं, आवाराचा काटा झाला. मला कुणी काही दिलं नाही. मी घासाघीस करून घेतलं. जालन्यातले व्यापारी मला पाहून आधी दर वाढवतात आणि मग बोलायला सुरुवात करतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

म्हणून त्या एका सौद्याची जळजळ अजून गेली नाही.

रूळ उखडायचं ठरलं, सगळा माल ट्रकनं येऊ लागला, आणि म्हैस कारखान्याच्या आवाराच्या कोपऱ्यात गवतात उभी राहिली. मी मोठ्या मालकांकडं गेलो. म्हटलं, मला द्या, आख्खी. कापायला नाही. काट्याशेजारी उभी करतो. भंगारवाल्याच्या आवारात एक वस्तू अशी असावी जी विकायची नाही.

मोठे मालक रांगडे. तरुणपणी आष्टीच्या बाजारात बैल विकायला बसलेला माणूस. ते हसले. म्हणाले, "म्हैस घ्यायची तर म्हशीसारखी घ्या." आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा फक्त दोन हातांना कळतो. आणि एकदा पूर्ण पंजा दाबला की सौदा झाला. त्यानंतर दुसऱ्यानं दुप्पट दिले तरी जनावर फिरत नाही. मी बोटं धरली, त्यांनी सोडवली, मी पुन्हा धरली. हमीदभाई बाजूला उभा राहून पाहत होता. शेवटी त्यांनी माझा पंजा असा दाबला की अंगठी रुतली.

त्या पावसाळ्यात मोठे मालक वारले. मी ट्रेलर घेऊन म्हैस न्यायला गेलो तेव्हा गवतात फक्त चार चाकांच्या खुणा होत्या. त्यांच्या मुलानं, म्हणजे छोट्या मालकानं, ती कापून स्वतःच्याच भट्टीत टाकली होती.

"काका," तो मला म्हणाला, "बोटांचं अॅग्रीमेंट कोर्टात चालतं का हो?"

चालत नाही. मलाही माहीत आहे. म्हैस वितळली, तिची सळई झाली, सळई गावोगाव गेली. आता ती कुणाच्या जिन्यात असेल, कुणाच्या पाण्याच्या टाकीत असेल, कुंभार पिंपळगावात कुणाच्या दुकानाच्या पिलरमध्ये असेल. कुणालाही दाखवता येणार नाही अशी ती सगळीकडं आहे. माणूस मेला तर त्याचा फोटो भिंतीवर लागतो. हिचा मला फोटोही सापडला नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, मी करतो.

अंग करणं अवघड नव्हतं. तेलाच्या डब्याचा पत्रा, जुन्या बेअरिंगची चाकं, दारालगत धरून चढायला सायकलच्या आरीचे दांडे, मोटारीतली तांब्याची तार. भंगारवाल्याला देवानं दुकानच दिलेलं असतं. खरी गंमत रंगाची. मी ट्रकच्या बॉड्या रंगवून घेतलेला माणूस, मला वाटलं रंग म्हणजे रंग. रेड ऑक्साइडचा हात, त्यावर पिवळा, झालं. वाळल्यावर पाहिलं तर खेळणं. जत्रेत मिळतं तसं. मला इतका राग आला की ते मी भिंतीवर फेकलं. त्यात नाकाला डाव्या बाजूनं पोचा आला, आणि गंमत अशी की खऱ्या म्हशीलाही बरोबर तिथंच पोचा होता, वॅगनला धडकल्याचा. तो मी तसाच ठेवला.

दुसऱ्यांदा रंग दिला तो आवारात, उन्हात, म्हणजे लवकर वाळेल. समोर जिनिंग सुरू होतं. अर्ध्या तासात म्हशीला केस आले. पांढरे, बारीक, सगळ्या अंगावर. मी चिमट्यानं एकेक तंतू काढू लागलो. रंग ओघळला, बोटं उठली, मी जिनिंगच्या दिशेनं शिव्या द्यायला लागलो. काम सुटलेला हमीदभाई माझ्या आवारात खाटेवर बसून चहा पीत होता. कपड्यांवर डाग नको म्हणून तो खाटेवरून उठत नसे, फक्त हुकूम सोडायचा.

"कायकू निकाल राह्यला?" तो म्हणाला. "इस मौसम में उसकू बाल आतेच थे. जाळीमंदी एवढा कापूस बसायचा का इंजन गरम व्हायचं. मी काडीनं कोरून काढायचो."

मी अंगावरचे तंतू पुसले आणि पुढच्या जाळीतले राहू दिले. पाहिलं, आणि पहिल्यांदा वाटलं की ही चालत होती कधीतरी.

मग मला कळत गेलं. घाण कुठंही फासून चालत नाही. ती आपल्या मनानं बसत नाही, तिला कारण लागतं. पाणी वरून खाली येतं, म्हणून गंजाचा ओघळ बोल्टच्या खाली, वर नाही. डिझेल भरताना सांडतं, म्हणून टाकीच्या तोंडाखाली काळा चकचकीत पट्टा, आणि त्या पट्ट्यावर धूळ चिकटलेली, बाकी अंगावरच्या धुळीपेक्षा गडद. ऊन टपावर पडतं, म्हणून टपाचा पिवळा विटका, त्यात थोडा पांढरा मिसळायचा, आणि पोटाखालचा पिवळा अजून ताजा. बफर एकमेकांवर घासतात म्हणून मधोमध लखलखीत आणि कडेला काळे. पायरीच्या कडेला बुटांनी रंग राहूच दिलेला नसतो. जिथं माणसाचा रोज हात-पाय लागतो तिथं गंज चढत नाही, तिथं उघडं लोखंड चमकतं. इंजिनावर माणसाची खूण म्हणजे डाग नव्हे, ती चमक.

रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून मी मीठ वापरलं. आधी गंजाचा तपकिरी, तो वाळला की पाण्याचा हात फिरवून त्यावर खड्याचं मीठ भुरभुरायचं, आणि मिठावरून पिवळा. वाळल्यावर बोटानं मीठ खरवडलं की पिवळ्याचे पापुद्रे उडतात आणि खालचा गंज डोकावतो. कौसाच्या बरणीतलं मीठ संपलं तेव्हा ती म्हणाली, "लोखंडाचं लोणचं घालून राह्यले का?" चकाकी घालवायला रंगात खडूची पूड. धूर म्हणून दिव्याची काजळी, कोरड्या ब्रशनं. आणि शेवटी आमच्या शेतातली काळी माती, कौसाच्या जुन्या ओढणीतून गाळलेली, चाकांवर आणि खालच्या चौकटीवर.

भांडण झालं ते मूळ रंगावरून. हमीदभाई म्हणाला, म्हैस हिरवी होती.

"पिवळी होती. मी रोज पाहत होतो."

"तू कब आया? उसके पहले हिरवी होती. मेरे जवानी में हिरवी."

"तुमच्या जवानीत तुम्हीच हिरवे होते."

तो उठून चालू लागला. मी त्याला फाटकापाशी गाठलं आणि सौदा केला. तुमचा हिरवा खाली, माझा पिवळा वर, आणि जिथं पापुद्रा उडेल तिथं दोन्ही दिसतील. तो परत येऊन खाटेवर बसला. पायरीच्या कोपऱ्यावर हिरव्याची एक बारीक रेघ निघाली तेव्हा त्यानं मला स्वतःचं पान दिलं.

सगळ्यात शेवटी बारीक ब्रशनं कॅबिनवर ते वाकडंतिकडं नाव लिहिलं.

रस्त्यावर काटा असला की बातमी ट्रकबरोबर जाते. त्याच हंगामात छोटे मालक गाडीतून उतरले. त्यांच्या नव्या ऑफिसात पाहुण्यांसाठी काचेची मोठी खोली होती, गार हवेची. तिथं जुन्या काळाची एक वस्तू हवी होती. स्वतःच्या हातानं वितळवल्यावर आठवण झाली होती.

मला वाटलं होतं मी हाकलून देईन. पण सौदा समोर आला की माझी जीभ ऐकत नाही. आम्ही पैशावर बोललोच नाही. आम्ही घाणीवर घासाघीस केली. ते म्हणाले, गंज काढा. मी म्हटलं, टपावरचे कबुतरांचे डाग देतो, गंज देत नाही. ते म्हणाले, बरं, तेलाचे ओघळ तरी. मी अर्धे दिले. पोचा त्यांनी सोडला, मी जाळीतला कापूस सोडला, मग पुन्हा घेतला. दोन वेळा चहा झाला. जवळजवळ जमलं होतं. शेवटी त्यांनी कॅबिनवर बोट ठेवलं.

"हे नाव काढून आपल्या कंपनीचं चिन्ह टाकू. काका, बाहेरदेशातले पाहुणे येतात. त्यांना म्हैस काय सांगू?"

"सांगा म्हैस होती."

"तसं न्हाई चालत."

"मंग न्हाई चालत," मी म्हटलं, आणि इंजिन उचलून काचेमागं ठेवलं.

मला वाटलं हमीदभाई पाठ थोपटील. तो कितीतरी दिवस आवारात फिरकला नाही. नमाजाला जाताना काट्यावरून जायचा, पण मान वळवायचा नाही. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. दारातच म्हणाला, "तेरा गुस्सा तेरेकू मुबारक. मला त्या काचेच्या खोलीत एकदा बसून चहा प्यायचा होता, देवराव. म्हैस कापून मला गेट बंद केलं तेव्हापासून आत पाय न्हाई टाकू दिला. इंजन तिथं राह्यलं असतं तर कुणी मेरेकू बाहेर थांब म्हणलं असतं का?"

मी माझ्या अपमानाचा सौदा करत होतो आणि खाटेवर बसलेल्या माणसाचा माल कधी मोजलाच नाही. पण त्यावर मी हरलो असं कबूल करणारा नाही. मी म्हटलं, नावाशिवाय आत गेलं असतं तर तेही इंजिन नसतं आणि तुम्हीही तुम्ही नसता. तो म्हणाला, "ये सब बोलने की बातां हैं." मग आमचं येणंजाणं सुरू झालं, पण ती गोष्ट मध्ये पडूनच राहिली.

आणि आता हे असं पिवळंधमक. नाव गेलं, गंज गेला. कौसा म्हणते, "आता स्वच्छ झालंच हाये तर देऊन टाका त्या छोट्या मालकाला. भाईची हौस होईल, तुमचं डोकंबी शांत होईल." ती बरोबर बोलते तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो. रात्रीतून मी मन जवळजवळ तयार केलं. नुसतं अंग देऊ. आतला हिरवा, मीठ, पोचा, ते आम्हाला माहीत आहे, पुरे. छोट्या मालकांना निरोप पाठवला, आणि हमीदभाईलाही बोलावलं. म्हटलं, त्याच्यासमोरच होऊ दे.

छोटे मालक आज दुपारी आले. पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. इंजिन पाहून खूश झाले. "बघा, आता कसं शोरूममधून काढल्यासारखं दिसतंय. काचेची पेटी करतो, वरून लाइट सोडतो. आणि या वेळी कागदावर लिहून देतो, काका."

"खाली पाटी लावणार ना?"

"लावणार की. आमचं पहिलं इंजिन."

"आणि चालवणाऱ्याचं नाव?"

ते हसले. वाईट हसले नाहीत, खरं सांगायचं तर. "कुणाकुणाची नावं लिहायची, काका? शेकड्यानं माणसं राबली."

तेवढ्यात हमीदभाई आला. आता काठी असते हातात, कुर्ता अजून तसाच पांढरा. त्यानं छोट्या मालकांना सलाम केला, खुर्ची ओढली आणि टेबलाकडं पाहिलं. पाहत राहिला. मग वाकून एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. बोटानं नाकावरचा पोचा शोधला. पेंटरनं इमानदारीनं त्यात पुट्टी भरून टाकली होती.

"ये किसका है?" त्यानं मला विचारलं.

"तुमचंच. रंग दिला फक्त."

"न्हाई," तो म्हणाला. "ये मेरेकू पहचानताच न्हाई."

"भाई, पण आता ते काचेच्या खोलीत जाईल," मी म्हटलं. "तुम्ही चहा..."

"चहा घर में बी है."

मी खालच्या कपाटातून थिनरचा डबा काढला. झाकण अडकलं होतं, ते स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं. चिंधी भिजवली. छोटे मालक म्हणाले, "काका, काय करताय, नवाकोरा रंग आहे." मी कॅबिनच्या दारावर चिंधी दाबली आणि घासली. फाटकाचा पिवळा आधी सुटला, मग तो चिंधीवर आला, मग खालून माझा विटका पिवळा, आणि एका ठिकाणी, अगदी नखाएवढा, हिरवा.

हमीदभाईनं कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. इतक्या वर्षांत त्याला रंगात हात घालताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानं माझ्या हातातली चिंधी घेतली, दारालगतचा उजवा दांडा धरला, सोडला, आणि डावा दांडा घासायला लागला. नुसता डावा. वरच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत, जिथं पंजा येतो तिथं, आरीचं लोखंड लखलखीत होईपर्यंत.

"उजवा बी करा ना," मी म्हटलं. "मी दोन्ही सारखे चमकवले होते."

"दोन्ही का? मी डाव्या हातानं चढायचो. उजव्यात डबा असायचा."

"मंग त्या वेळी का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलं कुठं? तूच बोलून राह्यलता."

छोटे मालक अजून टेबलाजवळच उभे होते, गॉगल हातात घेऊन. मी मिठाची बरणी आणायला कौसाला हाक मारली आणि दुसरी चिंधी डब्यात बुडवली.

"थांबायचं तर थांबा," मी त्यांना म्हटलं. "पण जरा मागं सरका. शर्टावर उडंल."